हातांना सावली : सायकलवाल्या शिंप्याची उत्तरं

गेल्या अंकात टायरमधल्या हवेबद्दल लिहिलं होतं आणि शेवटी सहज विचारलं होतं, उन्हाळ्यात सायकल चालवताना हातांचं काय करता? पत्रं आली ती सगळी हातांची. हवेबद्दल एकानंही लिहिलं नाही. म्हणजे टायर तुमचे बरे असावेत, हात भाजलेत.

हे पान पहिल्यांदाच उघडलं असेल त्यांच्यासाठी सांगतो. मी धंद्यानं शिंपी. कोकणात, रत्नागिरीजवळ पावस गावच्या रस्त्याला दुकान आहे, आणि दुकान उघडायच्या आधी रोज सायकल. डॉक्टर नाही. कातडीबद्दल जे लिहितो ते भाचीला विचारून. ती त्वचारोगांची डॉक्टर आहे, आणि माझ्या लिखाणावर आमच्या गुरुजींपेक्षा जास्त लाल रेघा मारते. कापडाबद्दल जे लिहितो ते माझं.

प्रश्न : मी गुहागर तालुक्यात शिक्षिका आहे. शाळा घरापासून सात किलोमीटर, सायकलनं जाते. सध्या सकाळची शाळा. सगळं आवरून निघेपर्यंत बारा वाजतात. वाटेत सडा लागतो, म्हणजे कातळाचं उघडं पठार, तीन-चार किलोमीटर झाडाचं नाव नाही. कोपरापासून मनगटापर्यंत हात काळे पडलेत, संध्याकाळी चुरचुरतात. सायकलवाले दंडापासून मनगटापर्यंत चढवतात तसल्या सुट्या बाह्या घ्याव्यात का? सासूबाई म्हणतात, 'एवढ्या उकाड्यात हाताला मोजे? घामानं भिजून मरशील.' खरंच जास्त गरम होतं का?

उत्तर : बाई, आधी सासूबाईंचं बघू. त्यांनाच विचारा, काजूच्या बिया वेचायला जायच्या तेव्हा अंगावर काय असायचं. माझी आई लुगड्यावर वडलांचा जुना फुल बाह्यांचा शर्ट चढवायची, बटणं मनगटापर्यंत लावून, डोक्याला टॉवेल. चिरेखाणीवरची माणसं बघा, बंदरावर मासळी उतरवणाऱ्या बायका बघा. ज्यांचा दिवस उन्हात जातो त्यातलं कुणी हात उघडे टाकत नाही. उघड्या हातानं उन्हात जातो तो तुमच्या-माझ्यासारखा, ज्याला तासाभरानं पंख्याखाली बसायचं असतं.

पण त्यांचं म्हणणं अगदीच मोडीत काढू नका. बाही घातल्यावर पहिली पाच मिनिटं नको वाटतं. चढावर वेग बैलगाडीइतका होतो तेव्हाही नको वाटतं. उतारावर वारा लागला की मात्र तीच बाही गार. याचं कारण आपल्या हवेत आहे. घाम आला म्हणजे अंग गार होत नाही, घाम वाळला म्हणजे होतं. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर अंगातली सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. तोच घाम कोपरावरून टपटप रस्त्यावर पडला तर काही घेऊन जात नाही, नुसतं पाणी आणि मीठ गेलं. विदर्भात ४४ अंशांत कपडे तासात वाळतात. आपल्याकडे ३४ अंशांत दोरीवरची चड्डी संध्याकाळपर्यंत दमट. दोरीवर जे होतं तेच हातावर होतं.

चांगल्या विणीची बाही घाम टपकू देत नाही. ओढून घेते, सगळ्या हातभर पसरवते, आणि वारा लागला की बाहेरच्या अंगानं तो वाळतो. एवढंच तिचं कसब. वारा नसेल तर तेवढंही नाही. दुकानदार सांगतात 'घातली की पाच डिग्री थंड', ते मनावर घेऊ नका. बारीक नायलॉनचा धागा हाताला लागताक्षणी गार वाटतो, कारण तो कातडीची ऊब पटकन ओढतो. पितळी तांब्याला हात लावल्यासारखं. मिनिटभरात दोघांची ऊब सारखी झाली की संपलं.

तेव्हा गारव्यासाठी बाही घेऊ नका, सावलीसाठी घ्या. सड्यावर झाड नाही, तर हाताला झाड बांधायचं.

आता तुमच्या वेळेचं. तुम्ही बारा वाजता निघता. आपलं घड्याळ चालतं मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंशांच्या रेखावृत्तावर आणि आपण बसलोय त्र्याहत्तर अंशांच्या आसपास. अंशाला चार मिनिटं धरा, मुलांना तुम्हीच शिकवता. नऊ-साडेनऊ अंशांचा फरक म्हणजे आपल्याकडे सूर्य डोक्यावर येतो तो बाराला नाही, साडेबाराच्या पुढेमागे. म्हणजे तुम्ही बरोबर त्याच्या स्वागताला सड्यावर हजर असता. त्यातून मे महिना. मेच्या पहिल्या पंधरवड्यात कोकणपट्टीवर शून्य सावलीचे दिवस येतात, आधी सिंधुदुर्गात, मग रत्नागिरी, मग वर रायगड. त्या दिवशी उभ्या काठीला दुपारी सावलीच उरत नाही. या दिवसांत भर दुपारी अतिनील किरणांचा निर्देशांक ११ च्या वर असतो, आणि त्याच्या पुढं मोजणाऱ्यांनी पायरीच ठेवलेली नाही.

आणि हात जास्त का काळे पडतात? सायकलवर बसून आरशात बघा. हँडल धरलेला हात मनगटापासून कोपरापर्यंत आभाळाकडे तोंड करून पसरलेला असतो, पापड वाळत घातल्यासारखा. आतली बाजू बघा, पांढरी असेल. एसटीच्या ड्रायव्हरचा खिडकीकडचा उजवा हात असाच निराळा दिसतो, माप घेताना मी तो कितीदा पाहिलाय.

चुरचुर होते म्हणजे कातडी भाजली आहे. अतिनील किरणांची गंमत अशी की ती लागताना कळत नाहीत. आपल्याला कळते ती उष्णता. भाजल्याचं कळतं ते संध्याकाळी, आंघोळीचं कोमट पाणी कढत लागतं तेव्हा. म्हणून वारा छान आहे, ऊन लागत नाहीये, या भरवशावर राहू नका. मेअखेरीस मळभ येतं तेव्हा लोक बाह्या काढून ठेवतात. पातळ ढगांतून ही किरणं खाली येतातच.

थोडक्यात, घ्या. फिकट रंगाच्या घ्या. आणि पंजाची पाठ विसरू नका. बाही मनगटाला संपते आणि पुढं पंजा भाजत राहतो. काही बाह्यांना अंगठ्यासाठी भोक असतं, ती पाठीपर्यंत येते. तसली मिळाली तर तीच घ्या.

प्रश्न : देवगडला एका दुकानात दीडशे रुपयांना जोडी मिळते, ऑनलाइन नऊशेची आहे. दोन्हींवर 'यूपीएफ ५०+' छापलंय. फरक काय? आणि छापलेलं खरं कशावरून? (कलमांच्या बागेत काम करतो, रोज तीसेक किलोमीटर सायकल होते.)

उत्तर : आधी आकडा. यूपीएफ ५० म्हणजे कापडावर पडलेल्या अतिनील किरणांचा पन्नासावा हिस्सा, २ टक्के, आत पोचतो. ३० असेल तर साधारण ३.३ टक्के. मोजायची ही पद्धत १९९६ साली ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडनं मिळून ठरवली, त्यांच्याकडे गोरे लोक आणि कडक ऊन, गरज त्यांना आधी पडली. तुलनेला सांगतो, साध्या पातळ पांढऱ्या सुती टी-शर्टचा आकडा ५ ते ७ च्या घरात असतो, आणि तो ओला होऊन अंगाला चिकटला की आणखी उतरतो. उलट जाड जीनचं कापड या परीक्षेत भल्याभल्यांना मागे टाकतं, पण मे महिन्यात जीनच्या बाह्या घालणारा मला भेटलेला नाही.

आता दीडशेच्या जोडीचं. माझ्याकडे अशा दोन जोड्या आहेत, एक रस्त्यावरची, एक महागडी. परवा लाइट गेली होती तेव्हा बसून तपासल्या. मोबाइलची बॅटरी लावली, मोबाइल बाहीच्या आत सरकवला. नुसत्या ठेवलेल्या दोन्ही बाह्या सारख्याच मिणमिणत्या दिसल्या. मग दोन्ही एकेक करून लोणच्याच्या बरणीवर ताणून चढवल्या, आणि मोबाइल बरणीत. स्वस्तातली चाळणी झाली. वीण उघडली, एकेक टाका सुटा दिसायला लागला, मधून पांढरे ठिपके, आकाशकंदिलाच्या कागदाला सुया टोचल्यासारखे. दुसरीतून नुसता पिवळट उजेड, ठिपके नाहीत.

सगळी मेख या ताणात आहे. हे कापड विणीचं असतं, होजिअरीचं, त्यात लायक्रा, म्हणजे रबरासारखा ताणणारा धागा. ताणलं की भोकं उघडणार, हा त्याचा धर्म. आणि कापडाचा आकडा सहसा न ताणता मोजतात. तुमचा दंड तर आत असतो. बागेत पेट्या उचलणाऱ्याचा दंड, तो काही बारीक नसणार. मध्यम मापाची बाही मोठ्या दंडावर चढवली तर लेबलवर ५० राहील आणि हातावर किती उरेल ते देवाला ठाऊक. स्वस्त बाह्यांवर बहुतेक 'फ्री साइज' लिहिलेलं असतं. माझ्या धंद्यात फ्री साइज म्हणजे कुणाच्याच मापाची नाही.

म्हणून दंडघेर मोजा. खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये, हात सैल सोडून, टेप न आवळता. मग कोपराच्या खाली, हाताचा जाडात जाड भाग. दोन्ही आकडे कंपनीच्या तक्त्याशी ताडून बघा. दोन मापांच्या मध्ये आलात तर मोठं घ्या. वरच्या काठाला आतून रबरी पट्टी असते, ती बाही धरून ठेवते, त्यासाठी घट्ट माप घ्यायची गरज नाही. तासाभरानं काढल्यावर दंडावर लाल कडं उठलं आणि ते दहा मिनिटांत गेलं तर ठीक. बोटांना मुंग्या आल्या तर ती बाही पुतण्याला द्या.

बॅटरीची परीक्षा ढोबळ आहे, भाचीनं इथं लाल रेघ मारलीय. डोळ्याला दिसतो तो उजेड, अतिनील दिसत नाही. पण ज्यातून उजेड भोकाभोकांनी येतो त्यातून ती येणारच, एवढं त्यावरून नक्की कळतं. पॉलिएस्टरचा धागा स्वतःच अतिनीलचा बराच भाग अडवतो, धुवून पांढराफेक केलेलं पातळ सुती कापड कमी अडवतं. गडद रंग जास्त अडवतो, पण तापतोही जास्त. मी दाट विणीची, राखाडी किंवा फिकट निळी घेतो. पांढरी घेतली तर पहिल्या दिवशी साखळीचं काळं लागतं आणि ते जन्मात निघत नाही.

नऊशेचीच घ्या असं म्हणत नाही. चारशेला दाट विणीची, मापाची मिळाली तर तिच्यापुढं नऊशेवाली काही सोन्याची नाही. दोन जोड्या घ्या मात्र, एक अंगावर, एक दोरीवर.

प्रश्न : बाहीऐवजी सनस्क्रीन लावलं तर? (रत्नागिरी)

उत्तर : लावा की. पण बाटलीवरचा आकडा खरा ठरायला कातडीच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम लागतं. दोन्ही हातांना एवढं चोपडणारा माणूस मी पाहिला नाही, आपण सगळे देवाला गंध लावल्यासारखं लावतो. वर दर दोन तासांनी पुन्हा, आणि घामानं जातं ते निराळंच. चेहरा, मान, कान, पंजाची पाठ इथं सनस्क्रीनला पर्याय नाही. हातांना बाही स्वस्त पडते.

प्रश्न : मी मालवणची. स्कुटीवर घालतात ते सुती लांब हातमोजे घालून सायकल चालवते. कोपराच्या खळगीत घामोळं उठलंय, एका हाताला गोल चट्टाही आलाय, खाजतो. मोज्यांना वास येतो, कितीही धुतले तरी जात नाही.

उत्तर : ताई, ते मोजे स्कुटीसाठी बरे. स्कुटीवर अंग मेहनत करत नाही. सायकलवर सुती कापड घाम पितं आणि धरून बसतं, ओलं होऊन लोंबतं, कोपराच्या खळगीत गोळा होतं. तिथंच घामोळं. आधी ते बदला. बाही घेताना आतली शिवण हातानं चाचपून बघा. जाड ओव्हरलॉकची कड खळगीत आली की घासणारच. शिवण चपटी असावी, किंवा बिनशिवणीची नळी असावी.

वास येतो तो घामाचा नव्हे, घामावर वाढलेल्या जंतूंचा. घरी पोचल्या पोचल्या बाही उलटी करा, साध्या पाण्यात खळबळा, थोडी पावडर लावून हातानं धुवा, सावलीत वाऱ्यावर टाका. पिशवीत बोळा करून संध्याकाळपर्यंत ठेवली तर दुसऱ्या दिवशी तिला सुकटीच्या टोपलीचा वास येईल. कपडे मऊ करायचं सुगंधी द्रव घालू नका, ते धाग्यावर थर धरतं आणि मग कापड घाम ओढायचं सोडतं. ब्लीच तर नकोच, लायक्रा मरते. लायक्रा मेलेली ओळखायची कशी, तर ताणून सोडल्यावर बाही परत जागेवर येत नाही, कोपरावर फुगा राहतो. असा फुगा दिसला की बाही बाद.

गोल चट्ट्याचं मी काही सांगणार नाही, आणि औषधाच्या दुकानातलाही कुणी सांगत असला तर ऐकू नका. भाचीचा निरोप शब्दशः देतो : 'मामा, त्यांना लिही, तो गजकर्ण असू शकतो, आणि दुकानातून मिळणारं तीन औषधं एकत्र असलेलं मलम लावू नका. त्यात स्टिरॉइड असतं. दोन दिवस खाज थांबते, आणि मग तो चट्टा दुप्पट होऊन येतो, हट्टी होतो.' डॉक्टरला दाखवा. तो बरा होईस्तोवर तुमची बाही-टॉवेल घरातल्या दुसऱ्या कुणी वापरू नये.

प्रश्न : निवृत्त आहे, दापोलीत राहतो. हात झाकले तर ड जीवनसत्त्व कुठून मिळणार?

उत्तर : काका, पाय आहेत ना. अर्धी चड्डी घालून सायकल चालवता ना. शंका असेल तर रक्त तपासून घ्या, उन्हाशी वाद घालू नका.

प्रश्न : आम्ही चार चाकरमानी मे महिन्यात मुंबईहून निघून सागरी महामार्गानं खाली रेडीपर्यंत सायकलनं जाणार आहोत. बाह्या घेतल्या आहेत, तेव्हा दुपारीही चालवता येईल असा विचार आहे. बाह्या पाण्यानं ओल्या केल्या तर गारवा टिकेल ना?

उत्तर : या पत्रातलं 'तेव्हा' वाचून मला माझंच एक गाढवपण आठवलं. लिहिणार नव्हतो, आता लिहितो.

दोन वर्षांपूर्वीचा एप्रिल. नव्या बाह्या आल्या होत्या, काळ्या. नेहमी साडेपाचला निघतो, त्या दिवशी एका गिऱ्हाइकाचा कुर्ता अडला होता, तो देऊन निघायला साडेनऊ झाले. पूर्णगड गाठला, पुलावरून गावखडीच्या सुरूच्या बनात जाऊन बसलो, शहाळं प्यायलो. परतताना बारा. पावस सोडून गोळपच्या सड्यावर चढलो. हात अजिबात भाजत नव्हते. बाह्यांचं कौतुक करत मी पायडल मारतोय. एरवी त्या उन्हात हातांनीच मला सांगितलं असतं, थांब म्हणून. हात झाकलेले, सांगणार कोण?

मग मानेवर काटा आला. ३५ अंशांत काटा. तो मला छान वाटला, गार वाटतंय म्हणून! डोकं ठणकायला लागलं, मळमळून तोंडाला पाणी सुटलं, पुढच्या चाकाखालची पांढरी रेघ दोन दिसायला लागली. एसटीच्या थांब्याची शेड होती म्हणून वाचलो. तिथं शेडमध्ये काजूचं बोचकं घेऊन एक आजी बसली होती. माझ्याकडे बघून म्हणाली, 'झील बरा दिसत नाय,' आणि तिच्या बाटलीतलं पाणी माझ्या डोक्यावर ओतलंन. मग पिशवीतलं आगळ, म्हणजे कोकमाचा रस, आणि मीठ पाण्यात घालून घोट घोट पाजलंन. बाह्या तिनंच ओढून काढल्या. काळ्या कापडावर मिठाचे पांढरे नकाशे उठले होते.

यात कुठं चुकलं ते नंतर भाचीनं समजावलं. सायकल चालवताना अंगात जी ताकद खर्च होते त्यातली चार आणे पायडलला मिळते, बारा आणे अंगातच उष्णता होऊन बसते. चढावर बाहेरच्या उन्हापेक्षा ही आतली भट्टी जास्त तापवते. तिच्यावर बाहीचं काही चालत नाही. भाजलेल्या रोग्याचा हिशेब करताना डॉक्टर एक अख्खा हात म्हणजे अंगाचा ९ टक्के भाग धरतात. दोन्ही हात पंजासकट झाकलेत तरी १८ टक्के. उरलेल्या ८२ टक्क्यांचं काय?

हवामान खातं मैदानी भागात ४० अंशांच्या पुढं उष्णतेच्या लाटेचा विचार करतं, किनाऱ्यावर ३७ लाच. त्याला कारण आहे. दमट हवेत अंग स्वतःला नीट गार करू शकत नाही, आणि म्हणूनच ओल्या बाहीचा उपाय घाटावर जितका चालतो तितका इथं चालत नाही. उतारावर पाच-दहा मिनिटं बरं वाटेल, नंतर नुसती ओली बाही. पाणी थोडंच असेल तर ते प्या. भरपूर असेल तर मानेवर आणि डोक्यावर ओता.

तुमच्या प्रवासाबद्दल : पहाटे पाचला उजेडाची वाट न बघता, दिवे लावून निघा. साडेनऊ-दहाला मुक्काम किंवा मोठी विश्रांती. पुन्हा साडेचारनंतर. मधल्या वेळात खाऊन झोपा, कोकणात त्याला आळस म्हणत नाहीत. घड्याळ नको असेल तर आपली सावली बघा. ती आपल्यापेक्षा आखूड झाली की ऊन आता कातडी भाजायला लागलं असं समजा. आगरदांडा-दिघी, बागमांडला, दाभोळ-धोपावे, जयगड अशा खाड्यांवर तुम्हाला फेरीबोटीनं पलीकडे जावं लागेल. तिथं रांगेत उघड्या धक्क्यावर उभे राहू नका, शेडमध्ये थांबा. किनाऱ्याच्या कोरड्या वाळूवरून सुमारे १५ टक्के अतिनील किरणं परत उसळतात, म्हणजे हाताची खालची बाजूही वाचत नाही. तुमच्या पूर्ण गोल बाहीचा खरा फायदा तिथं.

पाण्यात मीठ-साखर घाला. जलसंजीवनीची पुडी नसेल तर लिटरभर पाण्याला सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा. कोकमाचं आगळ घातलंत तर ते आधीच खारट असतं, मीठ कमी करा. आणि चौघांपैकी कुणी बरळायला लागला, पत्ता विचारल्यावर भलतंच सांगायला लागला, तर तो मस्करी करत नाहीये. सावलीत आडवा करा, अंग भिजवा, वारा घाला, १०८ ला फोन लावा. शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी ओतू नका.

प्रश्न : काळे पडलेले हात उजळायला लिंबू चोळते. फरक नाही. (गणपतीपुळे)

उत्तर : आजपासून बंद. लिंबाचा रस अंगावर राहिला आणि त्यावर ऊन पडलं तर कातडीवर फोड येतात, नंतर डाग राहतात ते महिनोन्‌महिने. आंब्याच्या चिकाला आपण भितो, लिंबाला भीत नाही. हात झाकून ठेवा, रंग हळूहळू आपोआप उतरतो.

प्रश्न : एवढं सांगता तर तुम्हीच शिवून का देत नाही? दंडघेर साडेबारा इंच. (पावस)

उत्तर : शिवून बघितल्यात. लायक्राचं कापड माझ्या साध्या मशीनवर सरकतं, टाके सुटतात, आणि ताणलं की शिवण तटकन जाते. चपट्या शिवणीचं मशीन घ्यायला माझ्याकडे पैसे नाहीत.

तुम्हाला खरंच खर्च करायचा नसेल तर एक सांगतो. घरातला फुल बाह्यांचा जुना शर्ट काढा, टेरीकॉटचा, पातळ झालेला नको. उजेडाकडे धरून पलीकडची बोटं दिसली तर तो पोछ्याला द्या. बाही खांद्याच्या शिवणीपासून चार बोटं खाली कापा. वरच्या काठाला अर्धा इंच दुमडून नेफा करा, त्यात दंडघेरापेक्षा दोन इंच कमी इलॅस्टिक ओवा. कफ तसाच ठेवा, मनगटाचं बटण लावायचं. ही बाही अंगाला चिकटत नाही, ताणली जात नाही, आतून वारा खेळतो. दिसायला बाजारात सामान पोचवणाऱ्या माणसासारखी दिसते. मी स्वतः दुकानात येता-जाता हीच घालतो, आणि शेजारचा किराणावाला रोज विचारतो, 'हाताला प्लास्टर कधी घातलंस?'

इलॅस्टिक ओवून मी फुकट देईन, पण आत्ता नाही. पंचवीस तारखेपर्यंत लग्नांचे ब्लाऊज आहेत, त्यानंतर शाळेचे गणवेश. मृग लागल्यावर माप घेऊन या. तेव्हा तुम्हाला रेनकोट हवा असेल, आणि तो मी शिवत नाही.